माशी, खाच आणि बांधावरची बंदूक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भात पोटरीला आलं, की रात्री शिवारातून एखादा बार ऐकू येतो आणि माणसं कूस बदलून म्हणतात, "डुकरं उतरली वाटतं." हा बार बहुतेक वेळा ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीचा असतो. एखाद्या घरात दुनळी असते, रायफल मात्र एखाद्याच जुन्या वाड्यात. कुणाकडे कोणतं हत्यार आणि त्यावर कोणती साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हे आपल्या भागात हौसेनं ठरलं, असं मला वाटत नाही. ते ठरवलं कायद्यानं, रानानं आणि माणसाच्या डोळ्यानं.

२३ ऑक्टोबर १८२४ रोजी इथून जवळच्या कित्तूरच्या लढाईत इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्या काळातल्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा किंचित लहान. ती आत आपटत यायची आणि सुटताना जिकडे कलेल तिकडे जायची. शंभर पावलांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून मागे साइटच नसे, तोंडाशी पितळेचा एक मणी, तीच माशी. आजही ठासणीच्या कित्येक बंदुकांवर तेवढंच असतं.

नळीला आतून पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी गिरकी घेत सरळ जाते, हे कारागिरांना फार आधीपासून माहीत होतं. अशा नळीची बंदूक म्हणजे रायफल. अडचण भरण्याची होती. घट्ट गोळी तोंडातून ठोकत खाली न्यायला वेळ लागे. १८४९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी मिनिए याने बुडाशी पोकळ गोळी काढली. ती सहज आत जायची आणि बार होताच फुगून खाचांत बसायची. १८५३ ची एनफिल्ड रायफल त्याच तत्त्वावर बनली. आता बंदुकीची पोच डोळ्याच्या पुढे गेली. लांब जाताना गोळी खाली येते, म्हणून नळी वर उचलावी लागते; त्यासाठी मागे वर-खाली होणारी, आकडे कोरलेली पट्टी आली.

ही सुधारणा रयतेच्या हाती मात्र आली नाही. १८५७ मध्ये कंपनी सरकारने हत्यारं जमा करायला सांगितली, तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी नकार दिला. फौज आली, गावावर हल्ला झाला, पुढे अनेकांना फाशी झाली. १८७८ च्या कायद्याने परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. तिथून रायफल साहेबाची आणि संस्थानिकाची, ठासणीची बंदूक शेतकऱ्याची, अशी वाटणी पक्की झाली.

साहेबांच्या शिकारी रायफलीची साइट मात्र मला खरोखर शहाणपणाची वाटते. मागे रुंद, उथळ 'व्ही', जवळच्या अंतरासाठी धातूचं एक पान कायम उभं, लांबच्यासाठी दुमडणारी पानं. मागच्या साइटची अरुंद, खोल खाच अर्धं जनावर झाकून टाकते. उथळ 'व्ही'त सगळं दिसतं आणि माशी झटकन बसते. आमच्या कारवीच्या रानात पन्नास पावलांपुढचं दिसत नाही. तिथे लष्करी ली-एनफिल्डवरचे २००० यार्डांपर्यंतचे आकडे काय कामाचे? दुर्बिणीचंही तेच. वीस पावलांवर पळणारं डुक्कर चौपट मोठं करणाऱ्या काचेत सापडत नाही, आणि खानापूरच्या पावसात काच धुरकटते ती वेगळीच.

डोळ्याची गोष्ट मी आजोबांकडे पाहिली. खाच, माशी आणि जनावर, तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. वय वाढलं की खाच आधी पुसट होते. बारीक छिद्राच्या साइटमध्ये डोळा आपोआप मध्य धरतो, म्हणून म्हाताऱ्या नजरेला ती सोपी. पण अंधार पडल्यावर ते छिद्रच काळं होतं. आजोबांच्या बंदुकीला मागे काहीच नव्हतं. माळ्यावर चढण्याआधी ते पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन माशीवर टिपका लावायचे. चांदण्यात तेवढाच पांढरा ठिपका दिसायचा. महागड्या रायफलींवर हस्तिदंती मणी बसवत, त्यामागचा विचार हाच.

लष्करी थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ३०३ बोअरची (बोअर हे नळीचं माप) रायफल नागरिकांना बंद, म्हणून ३१५ बोअरची शिकारी रायफल आली. ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत आली आहे. शेतकऱ्याला तिचा परवाना क्वचितच मिळाला. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचंच. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच किमान वीस इंची नळीची दुसरी गुळगुळीत बंदूक. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच मिटत गेला, २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं. स्वतःच्या शेतातलं डुक्कर मारायलाही परवानगी लागते. आता बार काढायचा तो आवाजासाठी, आणि आवाजाला साइट लागत नाही.

आजोबांच्या परवान्याच्या वहीत मुंबई सरकारचा शिक्का आहे, १९५६ नंतर म्हैसूरचा, मग कर्नाटकाचे कन्नड शिक्के. बंदूक तीच. निवडणूक लागली की वडील ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करतात. मागच्या वेळी परत आणली, तेव्हा दस्त्याला नंबराची चिठ्ठी बांधलेली होती आणि माशीच्या बुडाशी चुन्याची पांढरी रेघ अजून होती.