अलास्का का सोडवत नाही: सॅमनवरील पहिल्या हक्काची पार्श्वभूमी

थंडी, अंधार आणि महागाई सोसून लोक अलास्कात का टिकतात, याचे उत्तर बहुतेक घरांच्या फ्रीझरमध्ये सापडते. रस्ता न पोचलेल्या गावांत किराणा विमानाने येतो. तिथला हिवाळा निघतो तो उन्हाळ्यात साठवलेल्या सॅमन माशावर आणि शरदात मारलेल्या मूस या थोराड हरणावर. नदीतून घरापुरते अन्न स्वतःच्या हाताने आणता येणे, हे इथल्या राहण्याचे सर्वांत मोठे सुख आहे. वादही त्याच्याच हक्काचा आहे.

1971 मध्ये मूळ रहिवाशांचे जमिनीचे दावे मिटले. त्यांना 4.4 कोटी एकर जमीन आणि सुमारे 96 कोटी डॉलर मिळाले, मात्र शिकार-मासेमारीचे परंपरागत हक्क त्याच कायद्याने संपवले. ती पोकळी 1980 च्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अर्धीमुर्धी भरली: मासे कमी पडले तर आधी व्यापारी आणि हौशी मासेमारी थांबवायची, ग्रामीण रहिवाशांची चूल शेवटपर्यंत राखायची. निकष वंशाचा नव्हे, वस्तीचा.

डिसेंबर 1989 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्यातले हेच प्राधान्य रद्द केले. मासे आणि वन्यप्राणी सर्व जनतेच्या सामाईक वापरासाठी आहेत, राहण्याच्या ठिकाणावरून कुणाला वगळता येणार नाही, हा आधार. कागदावर ही समता आहे. प्रत्यक्षात अँकरेज या मोठ्या शहरात सुपरमार्केटशेजारी राहणारा माणूस आणि विमानाची वाट पाहणारा गावकरी एका रांगेत आले. शहरात गेलेल्या मूळ रहिवाशांचा हक्क ग्रामीण निकषाने बुडतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. केचिकन शहराला लागून असलेल्या सॅक्समन या ट्लिंगिट या मूळ जमातीच्या छोट्या गावाचा ग्रामीण दर्जा 2007 मध्ये काढला आणि 2015 मध्ये परत दिला.

निकालामुळे राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याशी जुळेना, म्हणून 1990 पासून केंद्राच्या जमिनीवर केंद्राचे नियम लागू झाले, 1999 पासून तिथल्या मासेमारीवरही. राज्याची सुमारे 60 टक्के जमीन केंद्राची आहे.

गुंता पाहायचा तर कॉपर नदीवर चिटिनाचा पूल पाहावा. पुलाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, राज्याच्या परवान्यावर फक्त दांड्याचे जाळे चालते, त्याचे गोल कडे 5 फुटांपेक्षा मोठे नको. कुटुंबप्रमुखाला 25 सॅमन, पुढच्या प्रत्येक माणसामागे 10. मासा हाती आला की शेपटीची दोन्ही टोके कापायची, म्हणजे तो बाजारात खपवता येत नाही. पुलाच्या वरच्या अंगाला मासेचक्रही चालते: प्रवाहाने फिरणाऱ्या टोपल्या काठालगत चढणारा सॅमन उचलतात आणि पेटीत टाकतात. पाणी गढूळ असल्याने माशाला टोपली दिसत नाही. पाणी उतरले की टोपली दगडांना घासून अडकते, म्हणून आस वरखाली करता आला पाहिजे. वाहून आलेला ओंडका तर पाती मोडतो. या वरच्या भागातली मासेमारी राज्य घरच्या उपजीविकेची मानते, आणि दोन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला मागणी केल्यास 500 सॅमनपर्यंत परवाना मिळतो. पुलाखालच्या पट्ट्याला 1999 मध्ये हाच उपजीविकेचा दर्जा दिला होता. 2003 मध्ये तो काढला.

युकॉन नदीवर आता प्राधान्याचाही उपयोग उरलेला नाही. किंग सॅमन ही सॅमनची सर्वांत मोठी जात इतकी घटली की 2024 मध्ये कॅनडाशी करार होऊन तिची मासेमारी 7 वर्षे थांबवली, घरच्या चुलीसाठीचीसुद्धा. गावकऱ्यांचा रोष बेरिंग समुद्रात मोठी जाळी ओढणाऱ्या ट्रॉलर जहाजांवर आहे. पोलॉक या समुद्री माशासोबत त्यांच्या जाळ्यांत सॅमनही मरतो. शास्त्रज्ञ तापलेल्या पाण्याकडे जास्त बोट दाखवतात, पण जाळ्यांतले नुकसान आज थांबवता येण्याजोगे आहे. तिथे 1980 चा कायदा पोचत नाही.