ग्राफिक्स कार्डाचे पाणी आणि सोलापूरचा मे महिना

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहणारा माझा भाचा चादरींच्या नक्षीची त्रिमितीय चित्रे संगणकावर तयार करतो. त्या चित्रांची आकडेमोड संगणकातले ग्राफिक्स कार्ड करते. मे महिन्यात, बाहेर पारा ४३ अंशांवर असताना, त्याने मला विचारले, “मामा, कार्डाला वॉटर कूलिंग बसवलंय, तरी ते ८२ अंशांवर जातंय. टाकीत बर्फ टाकू का?” प्रश्न रास्त होता, कारण माठातले पाणी पिऊन वाढलेल्या आपल्या मनात पाणी म्हणजे गारवा हे समीकरण घट्ट बसलेले असते. माठातले पाणी गार होते ते बाष्पीभवनामुळे. कार्डाला लावलेले पाणी मात्र बंद नळ्यांतून फिरते, त्याची वाफ जवळजवळ बाहेर पडतच नाही, आणि म्हणून ते खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. त्याचे काम उष्णता वाहून नेणाऱ्या हमालाचे आहे.

हा हमाल लागतो कशाला, हे आकड्यांवरून कळते. एनव्हिडियाचे २०२२ साली आलेले आरटीएक्स ४०९० हे कार्ड पूर्ण भाराखाली ४५० वॉटपर्यंत वीज घेते आणि जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. त्यातली बरीचशी सुमारे ६ चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून बाहेर पडते. घरातल्या इस्त्रीच्या तळाशी तुलना केली, तर दर चौरस सेंटिमीटरला ही उष्णता दहापट तरी भरते. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जितकी उष्णता सामावून घेते, तितकी सामावण्यासाठी तीन हजार लिटरांहून अधिक हवा लागते. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवले, तर ४५० वॉट उष्णता उचलूनही ते जेमतेम साडेसहा अंशांनी तापते.

परंतु उचललेली उष्णता कुठेतरी उतरवावी लागते, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग इथेच आहे. रेडिएटरमधून, म्हणजे पाण्यातली उष्णता पंख्यांच्या हवेत सोडणाऱ्या भागातून, हवेत जाणारी उष्णता पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या साधारण प्रमाणात असते. काम सुरू झाले की पाणी तापू लागते, फरक वाढतो, तशी बाहेर जाणारी उष्णताही वाढते. आणि कार्ड जितके देते तितकेच रेडिएटर टाकू लागला, की पाण्याचे तापमान तिथेच स्थिरावते. चिप आणि पाणी यांच्यामध्येही असाच दुसरा फरक उभा राहतो. म्हणजे हा दोन पायऱ्यांचा जिना झाला: हवेपासून पाण्यापर्यंत एक, पाण्यापासून चिपपर्यंत दुसरी. खोली दहा अंशांनी तापली की सगळा जिनाच दहा अंशांनी वर उचलला जातो. त्यामुळे नुसते “८२ अंश” हा आकडा फारसे काही सांगत नाही. कोणती पायरी उंच झाली आहे ते पाहावे लागते.

बर्फाने यातली एकही पायरी कायमची उतरत नाही. एक किलो बर्फ वितळताना ३,३४,००० ज्यूल उष्णता शोषतो. कार्ड सेकंदाला ४५० ज्यूल देत असते, म्हणजे बर्फ सुमारे १२ मिनिटांत संपतो, आणि भाच्याचे काम तर रात्रभर चालते. शिवाय नळ्या दवबिंदूखाली, म्हणजे हवेतली वाफ थिजून दव पडू लागते त्या तापमानाखाली गेल्या, तर त्यांच्यावर पाणी साचून थेंब थेट सर्किटवर पडतील.

आम्ही तापमाने मोजली. खोली ३७, पाणी ५३, चिप ८२. पायऱ्या १६ आणि २९ अंशांच्या, दोन्ही उंच.

दुसरी पायरी उंच का, ते चिपला चिकटून बसणारा तांब्याचा वॉटर ब्लॉक उघडल्यावर दिसले. आत तांब्याचे केसासारखे बारीक पापुद्रे ओळीने उभे असतात आणि पाणी त्यांच्यामधल्या फटींतून वाहते. त्या फटींत गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा, खरखरीत थर बसला होता. भाच्याने बोअरचे पाणी भरले होते आणि पातळी उतरली की तेच वर घालत होता. जड पाण्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतो. त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते, आणि फट बुजल्याने प्रवाहही मंदावतो. ब्लॉक लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणात भिजवून धुतला, चिप आणि ब्लॉक यांच्यामधून उष्णता नीट जावी म्हणून लावतात ती थर्मल पेस्ट नवी लावली, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंज व शेवाळ रोखणारे द्रव्य मिसळून भरले. निळ्या-जांभळ्या रंगाच्या महागड्या “सुपर कूलिंग” द्रवांची जाहिरात पाहून कोणी भुलू नये; रंगाने उष्णता वाहत नाही, आणि ग्लायकॉल मिसळलेल्या द्रवाची उष्णताधारकता तर साध्या पाण्यापेक्षा कमीच असते.

पहिल्या पायरीचे कारण रेडिएटरवर उघडेच होते. मागांवरून उडणाऱ्या सुताच्या तंतूंची करड्या रंगाची गादीच पंख्यांमागे जमली होती आणि बोटाने ओढताच ती अखंड निघून आली.

दुसऱ्या दिवशी त्याच भाराखाली खोली ३७, पाणी ४७, चिप ६५ अशी नोंद झाली. मग खोलीच्या खिडकीत वाळ्याच्या जाळीचा कूलर लावला. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन इथे उत्तम चालते, आणि माठाचे तत्त्व कार्डाच्या उपयोगी पडते ते असे, बाहेरून. खोली ३१ अंशांवर आली आणि चिप ५९ वर. कूलरचा झोत मात्र थेट संगणकावर घेतलेला नाही, कारण त्यासोबत उडणारे तुषार बोअरच्याच पाण्याचे असतात.