रोस्टर (वैमानिकांचे)

विमान कंपनी प्रत्येक वैमानिकासाठी जे कामाचे वेळापत्रक आखते, त्याला रोस्टर म्हणतात. किती वाजता हजर व्हायचे, कोणते सेक्टर (एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतचे उड्डाण) करायचे, मुक्काम कोणत्या गावी आणि सुटी कधी, हे त्यात असते. वार किंवा सणवार त्याच्या गणतीत नसतात. उलट गणपती-दिवाळीत प्रवासी वाढतात, म्हणजे घरी राहावेसे वाटते तेव्हाच काम अधिक. हव्या त्या सुट्या आणि उड्डाणांसाठी बऱ्याच कंपन्यांत पसंती नोंदवता येते; त्याला बिडिंग म्हणतात. ज्येष्ठता चालते तिथे नव्या फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, वाट्याला उरलेसुरले येते.

रोस्टर कंपनी आखत असली, तरी त्याची चौकट सरकारी असते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, उड्डाण-कर्तव्याच्या कमाल वेळा ठरवते. वैमानिकांच्या बोलण्यात हे नियम ‘एफडीटीएल’ (फ्लाइट ड्यूटी टाइम लिमिटेशन्स) या आद्याक्षरांनी येतात. सात दिवसांत 35 तास आणि वर्षभरात 1,000 तास ही उड्डाणाची मर्यादा. कार्यालयात आठवड्याला 48 तास बसणाऱ्याला हे चैनीचे वाटेल. पण हे तास फक्त विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचे. मुंबई-गोवा हा हवेत जेमतेम तासाभराचा सेक्टर. असे चार केले, की उड्डाणाचे तास पाचेक भरतात आणि दिवस मात्र पुरा जातो: घरून गाडी, हजेरी, मद्यचाचणी, हवामान आणि इंधनाचे कागद, मधल्या प्रत्येक थांब्यावरची घाई. हजेरीपासूनच्या वेळेवर वेगळी मर्यादा आहे. घरापासून विमानतळापर्यंतचा ट्रॅफिक मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. स्टँडबायचा दिवस तर आणखी विचित्र. माणूस घरात असतो, पण फोन आला की ठरलेल्या वेळेत विमानतळ गाठायचा असतो, म्हणून शहराबाहेरच्या लग्नाला जाता येत नाही. मुंबई विमानतळाजवळच्या अंधेरी-पवईचे भाडे वैमानिक सोसतात, त्याचे एक कारण हेही आहे.

खरा प्रश्न तासांचा नसून रात्रीचा आहे. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा या वेळात शरीराची सतर्कता सर्वांत खाली असते. 22 मे 2010 रोजी दुबईहून रात्रभर उडून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या धावपट्टीपुढे दरीत कोसळले. 158 जणांचा मृत्यू झाला. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत, कॅप्टन उड्डाणाचा बराच काळ झोपले होते आणि जाग आल्यानंतरची गुंगी त्यांच्या निर्णयांना भोवली असावी, असे पुढे आले. अमेरिकेत फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर वैमानिकांच्या थकव्याची चर्चा पेटली आणि तिथले विश्रांतीचे नियम 2014 पासून बदलले.

भारतात डीजीसीएने जानेवारी 2024 मध्ये नवे नियम जाहीर केले. सलग साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली; तिच्यात दोन रात्री असणे सक्तीचे आहे. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली आणि रात्रीच्या ड्यूटीतील लँडिंगची कमाल संख्या सहावरून दोनवर आली. कंपन्यांचा विरोध, वैमानिक संघटनांची दिल्ली उच्च न्यायालयातील लढाई, आणि अखेर 1 जुलै व 1 नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे, असा त्यांचा प्रवास झाला. दुसऱ्या टप्प्यानंतर महिनाभरात इंडिगोचे रोस्टर कोलमडले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला हजारो उड्डाणे रद्द झाली. डीजीसीएने इंडिगोला तात्पुरती सूट दिली. शिवाय रजेला साप्ताहिक विश्रांती म्हणून मोजू नये, ही अटही मागे घेतली. प्रवाशांचे हाल टळावेत हे खरे, पण जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झालेल्या नियमासाठी माणसे कमी पडावीत, याला नियोजन म्हणता येणार नाही. वैमानिकांच्या बाजूलाही एक गाठ आहे: वेतनाचा काही भाग उडालेल्या तासांवर ठरतो, त्यामुळे विश्रांती वाढली की काहींचा खिसा हलका होतो.

वेळापत्रकाचे हात घरापर्यंत पोहोचतात. उड्डाणाआधीचे बारा तास मद्य वर्ज्य. चाचणीत अंशही चालत नाही, म्हणून पार्टीतला वैमानिक सरबताचा पेला हातात धरून उद्याची हजेरी मोजत असतो. ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी आणि सिम्युलेटरची, म्हणजे कॉकपिटची नक्कल करणाऱ्या यंत्रातली, परीक्षा असते. नापास झाल्यास विमान चालवता येत नाही. भारतात वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 15 टक्के, म्हणजे जागतिक सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. त्यांच्यापैकी अनेकींच्या घरी रोस्टर आले, की मुलांना कोण सांभाळणार याचे दुसरे रोस्टर आजी-आजोबांसाठी बनते.

परगावच्या मुक्कामाचे, म्हणजे लेओव्हरचे, आकर्षण पहिली एक-दोन वर्षे टिकते. पुढे हॉटेलची खोली बहुतेक झोपण्यापुरतीच उरते. घरी मात्र झोप मिळवावी लागते: जाड पडदे, दाराची बेल बंद, मुलांना ‘बाबा झोपलेत’ अशी ताकीद. तरीही सकाळी अकरा वाजता वरच्या मजल्यावर कुणी भिंतीला ड्रिल लावले, तर त्याला हटकता येत नाही. सोसायटीच्या नियमाप्रमाणे ती वेळ कामाचीच असते.