मोबाईल गेमचे हँडहेल्ड पोर्टिंग

स्मार्टफोनसाठी बनवलेला गेम हातात धरून खेळायच्या खास कन्सोलवर नव्याने आणणे म्हणजे हँडहेल्ड पोर्टिंग. अशा आवृत्तीला पोर्ट म्हणतात. निन्टेन्डोचे डीएस, थ्रीडीएस आणि स्विच, तसेच सोनीचे पीएसपी आणि व्हिटा हे या संदर्भात सर्वाधिक उल्लेख होणारे कन्सोल. व्हिटा आणि स्विच तर आतून फोनच्या फार जवळचे आहेत: तशाच जातीचा एआरएम प्रोसेसर, बॅटरी, टचस्क्रीन. त्यामुळे कोड दुसऱ्या यंत्रावर चालता करणे हा या कामातला तुलनेने सोपा भाग. कस लागतो तो दुसरीकडे. फोनवरचा गेम काचेवर फिरणाऱ्या बोटाभोवती रचलेला असतो आणि पुष्कळदा तो फुकट देऊन खेळता खेळता थोडेथोडे पैसे काढण्याच्या हिशेबाने बेतलेला असतो. कन्सोलवर बोटाऐवजी बटणे येतात आणि पैसे आधीच मोजून झालेले असतात. या दोन्ही गोष्टींचा मुळातून विचार केलेले पोर्टच टिकतात.

सुरुवात

२००८ पूर्वी वाहतूक उलट दिशेने होती. कन्सोलवर गाजलेली नावे काटछाट होऊन फोनच्या चिमुकल्या पडद्यावर येत. जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले आणि दीड-दोन वर्षांतच फोनवर जन्मलेले गेम स्वतःच्या बळावर जगभर पोहोचले. डिसेंबर २००९ मध्ये आयफोनवर आलेला रोव्हिओ या फिनिश कंपनीचा अँग्री बर्ड्स हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर २००९ रोजी, सोनीने पीएसपी गो या नव्या मॉडेलबरोबर ‘मिनीज’ नावाची छोट्या गेमची मालिका सुरू केली. एका गेमसाठी कमाल १०० एमबी जागा, माफक किंमत आणि फक्त डाउनलोड अशी तिची मर्यादा होती. फोनवरचे अनेक गेम या वाटेने पीएसपीवर आले. अँग्री बर्ड्स २०११ च्या जानेवारीत आला. पीएसपीला टचस्क्रीनच नव्हती. फोनवर बोटाने मागे खेचून सोडायची गलोल इथे बटणांनी आणि अंगठ्याखालच्या छोट्या नबने ताणावी लागे. गेम तोच राहिला, पण गलोल खरोखर ताणल्याची जी जाणीव बोटाला होत होती ती गेली. २०१२ मध्ये अँग्री बर्ड्स मालिकेचे तीन गेम एकत्र करून थ्रीडीएसवरही विकले गेले. आयफोनवर ९९ सेंटला मिळालेल्या गेमसाठी कन्सोलच्या डब्याची किंमत का द्यायची, हा प्रश्न तेव्हा समीक्षकांनी विचारला आणि तो रास्तच होता.

डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये आलेल्या व्हिटाला समोर मल्टिटच पडदा आणि पाठीमागे वेगळा टचपॅड होता. फोनचे गेम इथे सहज उतरतील अशी सोनीची अपेक्षा होती. २०१२ मध्ये तिने ‘प्लेस्टेशन मोबाईल’ ही योजना आणली: सी शार्प भाषेत एकदा लिहिलेला गेम व्हिटावरही चालावा आणि सोनीने मान्यता दिलेल्या अँड्रॉइड फोनवरही. लहान डेव्हलपरांना कन्सोलचे दार उघडणारी ही चांगली कल्पना होती. पण फोनवर तिला पुरेसे खेळाडू मिळाले नाहीत आणि २०१५ मध्ये ती बंद झाली.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या स्विचने मात्र या कामाला खरा वेग दिला. ६.२ इंची मल्टिटच पडदा, दोन्ही बाजूंना सुटे होणारे जॉय-कॉन हे बटणांचे नियंत्रक, त्यांत हाताची हालचाल ओळखणारा गायरो, आणि युनिटी व अनरिअल या प्रचलित गेम इंजिनांचा (गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरचा) पाठिंबा एवढे सगळे एकाच यंत्रात मिळाले.

बोट आणि बटण

टॅप करताना खेळाडू एकाच क्षणी दोन गोष्टी सांगतो: कुठे आणि काय. बटण फक्त ‘काय’ सांगते. ‘कुठे’ हे सांगायची वेगळी सोय करावी लागते, आणि पोर्ट जमला की फसला ते बहुतांशी इथेच ठरते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पडद्यावर कर्सर आणून तो स्टिकने, म्हणजे अंगठ्याने कलता करायच्या छोट्या दांड्याने, फिरवणे. बोट पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला क्षणात जाते, कर्सरला तेवढे अंतर सरकत जावे लागते. वेळेचे बंधन नसलेल्या कोड्यांत हे चालून जाते. घाईच्या गेममध्ये खेळाडूची सगळी शक्ती कर्सर हाकण्यातच खर्च होते. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे निवड एका वस्तूवरून थेट शेजारच्या वस्तूवर उडी मारेल अशी सोय करणे. काही गेमना यातले काहीच लागत नाही. हिटमॅन गो या गेममध्ये सोंगटी पटावर एकेक घर सरकते आणि फोनवर त्यासाठी चार दिशांना स्वाइप करायचे असते. २०१६ मध्ये तो व्हिटावर आला तेव्हा स्वाइपची जागा दिशांच्या बटणांनी अगदी अलगद घेतली. रेन्स या गेममध्ये राजाचा प्रत्येक निर्णय पत्ता डावीकडे किंवा उजवीकडे ढकलून होतो. तिथे स्टिक कलती करणे पुरेसे ठरते.

द रूम या गेमची गोष्ट वेगळी. फायरप्रूफ गेम्स या ब्रिटिश स्टुडिओने २०१२ मध्ये तो आयपॅडसाठी केला. त्यात एक गूढ पेटी असते. तिचे खण ओढायचे, किल्ली कुलपात घालून फिरवायची, झाकणे सरकवायची. त्यातला सारा आनंद हाताला वस्तूचे वजन जाणवल्यासारखे वाटण्यात आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो स्विचवर आला तेव्हा हातात धरून खेळताना टच कायम ठेवला गेला आणि टीव्हीला जोडून खेळताना जॉय-कॉन पडद्याकडे रोखून गायरोच्या मदतीने वस्तू पकडायची सोय झाली. मनगट वळवून किल्ली फिरवणे हे बोटाने गोल काढण्याइतकेच पटते, आणि म्हणून या पोर्टला दाद द्यावीशी वाटते.

स्विच डॉकमध्ये, म्हणजे त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या स्टँडमध्ये, ठेवला की टचस्क्रीन झाकली जाते, ही साधी गोष्ट डेव्हलपरला बरीच महागात पडते. तैवानच्या रेयार्क कंपनीचा वोएझ हा तालाचा गेम स्विचबरोबरच बाजारात आला. त्यात वरून येणाऱ्या सुरांच्या खुणा रेषेवर पोहोचताच टॅप करायच्या असतात आणि या रेषांचे पट्टे गाण्याबरोबर पडद्यावर इकडून तिकडे सरकत राहतात. ते बोटांशिवाय खेळायचे कसे, याचे उत्तर सुरुवातीला कंपनीकडे नव्हते. म्हणून तो टीव्हीवर खेळताच येत नसे. नंतरच्या अपडेटने बटणांची सोय दिली. अर्धवट बटणे देऊन मोकळे होण्यापेक्षा आधी फक्त टचवर गेम काढणे हा प्रामाणिक निर्णय होता.

काही गेम मात्र जणू बटणांची वाटच पाहत असतात. डाउनवेलमध्ये एक मुलगा विहिरीत खोल खोल पडत जातो आणि बुटांतून गोळ्या झाडतो. डावे, उजवे, आणि उडी किंवा गोळी एवढीच नियंत्रणे. फोनवर ही तीन बटणे काचेवर काढलेली असत. काचेवरच्या बटणाला कड नसते. अंगठा जरा सरकला तरी खेळाडूला कळत नाही, आणि या गेममध्ये तेवढ्याने डाव संपतो. व्हिटा आणि स्विचवर खरी बटणे मिळाल्यावर गेमचा कोड फारसा न बदलताही खेळण्याचा दर्जा उंचावला. पडद्यावर काढलेली स्टिक वापरणाऱ्या साहसी गेमनाही हाच फायदा होतो. २०१३ मध्ये आयफोनवर आलेला ओशनहॉर्न २०१७ मध्ये स्विचवर आला तेव्हा अंगठा पडद्यावरून हटला आणि त्याखाली झाकलेला कोपरा मोकळा झाला.

पडद्याचा आकार

फोन उभा धरला जातो, कन्सोल आडवा. मॉन्युमेंट व्हॅलीतले उंच मनोरे, जिने आणि घुमट उभ्या पडद्यासाठीच रचलेले होते. २०१४ मध्ये आयफोन-आयपॅडवर आलेल्या या गेमची आडव्या पडद्यासाठी नव्याने मांडलेली आवृत्ती २०२२ मध्ये संगणकावर आली आणि २०२५ मध्ये स्विचसह इतर कन्सोलवर. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून चालले असते, पण तसे न करता दृश्येच रुंद केली गेली. डाउनवेलने उलट मार्ग निवडला: स्विचच फिरवून उभा धरता येईल अशी सोय दिली.

अक्षरांचा आकार ही कायमची दुखरी जागा आहे. फोन डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो, टीव्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एकच मेनू दोन्ही ठिकाणी वाचता यावा म्हणून तो बऱ्याचदा मुळापासून नव्याने मांडावा लागतो.

पैशांचे गणित

फुकट मोबाईल गेममध्ये अडथळे मुद्दाम पेरलेले असतात. ऊर्जा संपते, ती भरायला वेळ लागतो, वाट पाहायची नसेल तर पैसे द्यायचे. पुढची अवघड लेव्हलही कधी कधी खरेदीकडे वळवण्यासाठीच अवघड केलेली असते. कन्सोलवर एकरकमी किमतीला विकायचा गेम म्हणून ही रचना तशीच ठेवली तर खेळाडूची फसवणूक होते. नुसती खरेदीची बटणे काढून टाकली तर गेम कंटाळवाणा होतो, कारण वेग, बक्षिसे आणि काठिण्य या सगळ्यांची मापे त्या खरेदीला धरून ठरलेली असतात.

हे नीट सोडवल्याचे सर्वांत चांगले उदाहरण पझल अँड ड्रॅगन्सचे. जपानच्या गंगहो कंपनीने २०१२ मध्ये फोनवर आणलेला हा गेम ऊर्जा आणि जादूच्या दगडांच्या विक्रीवर चालत असे. डिसेंबर २०१३ मध्ये थ्रीडीएससाठी त्याचे ‘झेड’ हे रूप आले तेव्हा कंपनीने ऊर्जेची व्यवस्थाच काढून टाकली आणि कथा, गावे, पात्रे असलेला पूर्ण भूमिकाप्रधान गेम रचला. रंगीत गोळ्यांचा पट खालच्या टचस्क्रीनवर गेला, राक्षस वरच्या पडद्यावर. फोनवर गोळी ओढताना बोटाखाली पटाचा काही भाग झाकला जाई. स्टायलस या टचस्क्रीनच्या लेखणीच्या बारीक टोकाने ती अडचणही दूर झाली. २०१५ मध्ये मारिओच्या पात्रांसह तो जपानबाहेर पोहोचला. वोएझनेही फोनवर किल्ल्या मिळवून उघडावी लागणारी गाणी स्विचवर एकाच किमतीत दिली. २०१८ मध्ये फोनवर आलेला अमंग अस तिथे जाहिरातींवर चालतो. डिसेंबर २०२० मध्ये स्विचवर तो ५ डॉलरला आला.

स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट किंवा अरेना ऑफ व्हेलर यांसारखे ऑनलाइन गेम स्विचवरही फुकटच राहिले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ॲपल आर्केडने तिसरी शक्यता दाखवली. तिथले गेम वर्गणीत मिळतात, त्यांत जाहिराती किंवा वेगळी खरेदी नसते. त्यामुळे ते कन्सोलवर आणताना पैशांची रचना उसवावी लागत नाही. हातांनी बनवलेल्या दीडशेहून अधिक लघुदेखाव्यांचे फोटो काढून त्यांत घडवलेला फँटॅशियन २०२१ मध्ये तिथे आला आणि २०२४ मध्ये पात्रांच्या आवाजांची भर पडून स्विचवर पोहोचला.

तांत्रिक बाजू

युनिटीसारख्या इंजिनात केलेला गेम स्विचसाठी बिल्ड करणे, म्हणजे त्यावर चालेल अशा रूपात तयार करणे, अवघड नाही. अवघड आहे ते फोनच्या जगाशी असलेले धागे सोडवणे. जाहिराती, लॉगिन, गुणतालिका, आकडेवारी आणि खरेदी यांसाठी जोडलेल्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, कन्सोलवर बहुधा चालतच नाहीत. त्या काढल्या की त्यांवर विसंबलेला कोडही कोसळतो. त्यानंतर कन्सोल कंपनीची तपासणी असते. निन्टेन्डोकडे तिला लॉटचेक म्हणतात. जॉय-कॉनची जोडणी तुटली तर काय होते, यंत्र झोपवून जागे केल्यावर डाव तिथेच सापडतो का, पडद्यावर बटणांची नावे बरोबर आहेत का, असे सगळे पाहिले जाते. प्रत्येक अपडेटलाही मंजुरी लागते. फोन आणि कन्सोलवरचे खेळाडू एकत्र खेळत असतील तर सर्व आवृत्त्या एकाच दिवशी निघाव्या लागतात.

फोनचा गेम म्हणजे हलका गेम, हा समज मात्र जुना झाला. मूळ स्विचमधली टेग्रा एक्स१ चिप २०१५ मध्ये जाहीर झालेली आहे आणि आजचे वरच्या श्रेणीतले फोन तिच्या बरेच पुढे गेले आहेत. त्यामुळे भारी मोबाईल गेम स्विचवर आणताना चित्रे हलकी करावी लागतात. कन्सोलची जमेची बाजू स्थिरतेची: यंत्र एकच, पंखा आत, वेग ठरलेला. फोन तापला की वेग उतरतो आणि बाजारात मॉडेलही असंख्य.

जतन आणि हौशी पोर्ट

सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ ने ३२ बिट ॲप्स चालवणे बंद केले आणि अपडेट न झालेले असंख्य जुने गेम एका फटक्यात आयफोनवर उघडेनासे झाले. त्यांतल्या ज्यांचे कन्सोल पोर्ट झाले होते ते आजही खेळता येतात. मोबाईल गेमच्या इतिहासाच्या दृष्टीने पोर्टिंगचे हे मोल व्यापारी लाभापेक्षा मोठे आहे. कन्सोलची दुकानेही मिटतात: थ्रीडीएसच्या ईशॉपवरची खरेदी मार्च २०२३ मध्ये थांबली, तरी आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय ठेवली गेली.

अधिकृत पोर्ट कधीच झाले नाहीत अशा गेमसाठी व्हिटावरच्या हौशी प्रोग्रामरांनी एक देखणी युक्ती काढली. जुन्या अँड्रॉइड गेमचा मुख्य भाग ३२ बिट एआरएम प्रोसेसरसाठी तयार झालेल्या लायब्ररी फाइलमध्ये असतो, आणि व्हिटाचा प्रोसेसर त्याच जातीचा. म्हणून एम्युलेटरची, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची, गरजच पडत नाही. एक छोटा लोडर ती फाइल थेट मेमरीत चढवतो. गेमने अँड्रॉइडकडे मागितलेल्या प्रत्येक सेवेच्या जागी तो व्हिटावरची तशीच सेवा जोडून देतो: चित्रे काढण्यासाठीच्या ओपनजीएलच्या आज्ञा व्हिटाच्या ग्राफिक्सकडे, टचच्या जागी बटणे, आवाज व्हिटाच्या स्पीकरकडे. २०२१ मध्ये या पद्धतीने जीटीए सॅन अँड्रियासची अँड्रॉइड आवृत्ती व्हिटावर चालली आणि त्यामागोमाग इतर कित्येक गेम आले. लोडर मोफत वाटला जातो, गेमच्या फाइल मात्र त्यात नसतात. खेळाडूने स्वतः विकत घेतलेल्या अँड्रॉइड प्रतीतून त्या काढून व्हिटात ठेवायच्या असतात.