बिनअंड्याचं चॉकलेट-काजू पुडिंग आलं कुठनं?

आमच्याकडं बेळगावात घरी चॉकलेट पुडिंग केलं की कोणतरी हमखास म्हणतंय, अंडं नाही तर हे कसलं पुडिंग, कोको घातलेली खीर की नुसती! मला हे अजिबात पटत नाही, कारण अंडं वगळायची सुरुवात आपण केलेलीच नाही, ती विलायतेतच झाली.

पूर्वी इंग्लंडात पुडिंग म्हणजे कापडात नाहीतर आतड्यात भरून उकडलेला पदार्थ, मांसाचासुद्धा असायचा. आपलं चमच्यानं खायचं चॉकलेटचं पुडिंग घरोघरी पोचलं ते दोन पावडरींमुळं. पहिली कोकोची. कोकोच्या बीत साधारण निम्मी चरबीच असते, म्हणून नुसती बी वाटून दुधात घातली की वर तेलकट तवंग यायचा, मग १८२८ साली नेदरलँड्समधल्या व्हॅन हौटेन यांनी ती चरबी दाबून काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि उरलेल्या पेंडीची पावडर झाली, तोच आपला कोको.

दुसरी कॉर्नफ्लोअर. बर्मिंगहॅमचे केमिस्ट आल्फ्रेड बर्ड यांच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, तिच्यासाठी त्यांनी १८३७ साली कॉर्नफ्लोअरवर घट्ट होणारं कस्टर्ड काढलं. बघा, एका घरातली अडचण, आणि आज आमच्या टिळकवाडीतल्या शाकाहारी घरांतसुद्धा त्याच युक्तीनं पुडिंग होतंय! कॉर्नफ्लोअर आधी थंड दुधात कालवून घ्यायचं, कारण थेट गरम दुधात टाकलं तर पिठाचा बाहेरचा थर लगेच फुगतो, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात.

काजू मात्र आपल्या जवळचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्याला आणला, नावसुद्धा त्यांच्याच भाषेतनं आलं, आता इकडं खानापूर-चंदगडला काजूच्या बागा आहेत. आणि गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची गुळातली मिठाई, खात मोठं झालेल्या माणसाला गोडात दाताखाली काहीतरी यायलाच पाहिजे, असं मला तरी वाटतं.

कोकोसुद्धा आता परका राहिला नाही. दक्षिण कन्नडात सुपारीच्या बागांत त्याची झाडं आहेत आणि कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा पुत्तूरचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे, म्हणजे दूध, काजू, कोको सगळं याच पट्ट्यातलं मिळू शकतं.

फक्त काजू तुपात परतून अगदी वाढताना वरून घाला, आधीच मिसळून फ्रिजात ठेवले तर सकाळपर्यंत मऊ पडतात.