विदर्भासाठी विधानसभेची मंजुरी लागते?

नागपुरात वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की कोणीतरी ठणकावतोच, ‘विधानसभेच्या ठरावाशिवाय राज्य तुटत नाही.’ चूक. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच विधेयक संसदेत येतं. त्याआधी ते विधानसभेकडे जातं ते फक्त मतासाठी, तेही मुदत घालून. मत विरोधी गेलं तरी संसद बांधील नाही. अनुच्छेद ४ मुळे साधं बहुमत पुरतं. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, २ जूनला तेलंगणा झालंच. १९५६ चं राज्य पुनर्रचना विधेयक तर संसदेत बरंच बदललं. तरी पुन्हा मत मागायची गरज नव्हती, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बाबुलाल पराते खटल्यात सांगितलं. तेव्हा निवेदनांचे गठ्ठे मुंबईला नव्हे, दिल्लीला पाठवा.