मांजरीच्या मिशा, बुटाच्या पॉलिशने

बालनाट्याच्या विंगेत कधी उभे राहिला असाल, तर पडदा उघडण्याआधीचा अर्धा तास कसा असतो ते सांगायला नको. कुणाची शेपटी सुटलेली असते, कुणाला ऐन वेळी बाथरूमला जायचं असतं, रंगभूषा करणारी ताई एका हाताने मिशा काढत असते आणि दुसऱ्या हाताने पोराची हनुवटी धरून ठेवत असते. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत अशा गडबडीत एक आजी यायच्या आणि मांजर झालेल्या मुलीला भेटायच्या. एला वाइसबर्गर त्यांचं नाव. तेच मांजर त्यांनी स्वतः ५५ प्रयोगांत केलं होतं, आणि ते प्रयोग नाझींच्या ताब्यातल्या तेरेझिनच्या बंदिस्त गावात झाले होते.

छळछावण्यांतून वाचलेली माणसं शाळेत येतात ती बहुतेक वेळा पाहुणे म्हणून. सभागृह, व्यासपीठ, मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक, शेवटी आभार. आपल्याकडे असतं तर शाल-श्रीफळही झालं असतं. ‘ब्रुंडिबार’ या छोट्या बालऑपेराच्या बाबतीत मात्र ही भेट रंगमंचाच्या मागे व्हायची आणि तिचं नातंही वेगळं असायचं. पाहुण्या बाईंनी हेच काम केलेलं असायचं. त्या साक्षीदार असायच्या हे खरं, पण मेकअप लावून बसलेल्या पोरांच्या लेखी त्या आपल्यातल्याच, जुन्या संचातल्या. हे नातं कुठून आलं ते पाहायचं, तर १९३८ सालच्या प्रागपर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी हान्स क्रासा या संगीतकाराने आणि आडोल्फ हॉफमाइस्टर या चित्रकार-लेखकाने मुलांसाठीच्या ऑपेराच्या एका सरकारी स्पर्धेसाठी हे नाटक लिहिलं. क्रासा नवखे नव्हते. १९३३ मध्ये त्यांना चेकोस्लोव्हाकियाचं राज्य पारितोषिक मिळालेलं होतं. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि स्पर्धेचा निकाल कधी लागलाच नाही. हॉफमाइस्टर ज्यू नव्हते, तरी त्यांना देश सोडून पळावं लागलं. क्रासा मागे राहिले.

प्रागच्या संगीतवर्तुळातले काही लोक वेळेवर बाहेर पडले होते, आणि त्यातला एक धागा थेट मुंबईत येतो. प्रागच्या जर्मन विद्यापीठात शिकलेले वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईला आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागले. पहाटे रेडिओ लावला की बातम्यांच्याही आधी जी धून वाजायची, ती त्यांच्या नावावर सांगितली जाते. आपल्या आजी-आजोबांची सकाळ ज्या सुरांनी व्हायची, त्यांच्यामागेही असा एक विस्थापित माणूस होता.

नाटकाची गोष्ट अगदी साधी आहे. पेपिचेक आणि आनिन्का ही बहीणभावंडं. वडील नाहीत, आई आजारी. डॉक्टर दूध पाजायला सांगतात, दुधाला पैसे नाहीत. बाजारात गाणं म्हणून चार पैसे मिळवावेत म्हणून दोघं उभी राहतात, तर दांडा फिरवून पेटी वाजवणारा ब्रुंडिबार त्यांना हुसकावून लावतो. मग चिमणी, मांजर आणि कुत्रा गल्लीतली सगळी पोरं गोळा करतात, सगळे मिळून अंगाई गातात आणि पैसे जमतात. ब्रुंडिबार ते पळवतो, पोरं त्याला गाठून परत मिळवतात आणि विजयगीत होतं. ‘ब्रुंडिबार’ हा चेक बोलीत भुंग्यासाठीचा शब्द.

हे नाटक उभं राहिलं ते प्रागमधल्या ज्यू मुलांच्या अनाथाश्रमात. ज्यूंना तोवर थिएटर, सिनेमा, मैफली सगळंच बंद झालं होतं, त्यामुळे हा कारभार गुपचूप चालला होता. आश्रमाचे संचालक ओटो फ्रॉयडेनफेल्ड होते आणि प्रयोग बसवण्याची धुरा त्यांचा मुलगा रुडॉल्फ याच्याकडे आली. १९४२ च्या हिवाळ्यात पहिला प्रयोग झाला, पण संगीतकार तो पाहायला नव्हते. क्रासांना ऑगस्टमध्येच तेरेझिनला पाठवलं होतं.

तेरेझिन हे प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरचं, तटबंदीच्या आतलं लष्करी गाव. युद्धाआधी तिथे सात हजारांच्या आसपास वस्ती होती. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याच तटबंदीत अठ्ठावन्न हजार माणसं कोंबलेली होती. युद्ध संपेपर्यंत एक लाख चाळीस हजारांच्या घरात ज्यू तिथे आणले गेले. त्यातले तेहतीस हजारांच्या आसपास तिथेच भूक आणि रोगराईने मेले, आणि अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास लोकांना पूर्वेकडच्या मृत्यूछावण्यांत पाठवलं गेलं.

जुलै १९४३ मध्ये अनाथाश्रमातली माणसं तेरेझिनला आली. मोजकंच सामान नेता येत होतं आणि रुडॉल्फने त्यात ‘ब्रुंडिबार’ची पियानोची संहिता लपवून आणली. आता क्रासांसमोर प्रश्न होता वाद्यांचा. छावणीत वाजवणारे एकाहून एक सरस होते, वाद्यं मात्र होती तेवढीच. हाताशी असलेल्या बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, गिटार, अकॉर्डियन, व्हायोलिन वगैरेंचा अंदाज घेऊन त्यांनी तेरा वादकांसाठी संगीत नव्याने बांधलं. नाटकवाल्यांना हे ओळखीचं आहे. तबलजी आला नाही तर ढोलकीवर भागवायचं, ही आपली रीत. फक्त इथे तबलजी का आला नाही, याचं उत्तर ‘काल रात्रीच्या गाडीत त्याचं नाव होतं’ असं असायचं.

नेपथ्य फ्रांटिशेक झेलेंका यांचं. युद्धाआधी प्रागच्या व्यावसायिक रंगभूमीवर त्यांचा मोठा दबदबा होता. त्यांनी फळ्यांचं एक कुंपण उभं केलं आणि त्यावर चिमणी, मांजर आणि कुत्रा यांची पोस्टरं लावली. डोक्याच्या जागी भोकं होती. वेळ आली की पोरं मागून त्या भोकांतून डोकी बाहेर काढायची. मला स्वतःला या सगळ्या हकिकतीत हे कुंपण सगळ्यात जास्त आवडतं. शाळेच्या गॅदरिंगलाही पेलेल इतकं स्वस्त आणि दुसरं काही सुचूच नये इतकं नेमकं. मांजराच्या वेशात एलाच्या अंगात आईचा काळा स्वेटर आणि बहिणीची स्कीइंगची पँट होती. मिशांसाठी रंग नव्हता, म्हणून झेलेंकांनी बुटाचं पॉलिश वापरलं.

२३ सप्टेंबर १९४३ रोजी माग्डेबुर्ग नावाच्या बराकीत तेरेझिनमधला पहिला प्रयोग झाला. मग एकामागून एक होत राहिले. कोरसमधली मुलं गाडीत जायची, त्यांच्या जागी दुसरी उभी राहायची, पुन्हा तालीम. एला तेव्हा तेरा वर्षांची, मुलींच्या वसतिगृहातल्या २८ नंबरच्या खोलीत राहणारी. छातीवर ज्यू असल्याची खूण म्हणून पिवळा तारा शिवल्याशिवाय बाहेर पडता येत नसे, पण प्रयोगापुरता तो काढायला परवानगी होती, हे त्या पुढे शाळाशाळांतून आवर्जून सांगत. तेवढा वेळ त्या फक्त मांजर होत्या.

शेवटच्या गाण्यात एमिल साउडेक या कवीने बदल केला होता. मूळ ओळी आईवडिलांवर आणि मायभूमीवर प्रेम करणाऱ्याला मित्र म्हणत होत्या. त्या जागी न्यायावर प्रेम करणारा, त्याच्या बाजूने उभा राहणारा आणि न घाबरणारा आला. मिशीवाला दांडगोबा हरतो म्हणजे कोण हरतं, हे प्रेक्षकांतल्या पोराटोरांनाही कळत होतं.

मग नाझींनी याच नाटकाचा वापर केला. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे प्रतिनिधी पाहणीला येणार होते. गाव रंगवलं, फुलझाडं लावली, आणि गर्दी दिसू नये म्हणून त्याआधी मे महिन्यात ७,५०३ जणांना ऑश्वित्झच्या मृत्यूछावणीत रवाना केलं. पाहुण्यांसमोर ‘ब्रुंडिबार’चा प्रयोग लावला. त्यानंतर एक प्रचारपट काढला, त्यातही पोरं शेवटचं गाणं गाताना दिसतात. चित्रीकरण आटोपल्यावर, २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर १९४४ या एका महिन्यात, अकरा गाड्यांतून अठरा हजारांहून अधिक लोक ऑश्वित्झला गेले. क्रासा त्यांत होते, झेलेंका होते आणि कोरसमधली बहुतेक मुलंही. प्रयोग बंद पडले. आज त्या प्रचारपटातली ती चित्रफीत मुलांना दाखवतात तेव्हा आधी कुणीतरी हे सांगायला हवं. पोरांचे चेहरे इतके टवटवीत आहेत की न सांगता पाहिलं तर फसायला होतं.

रुडॉल्फ वाचला. एला वाचल्या. आनिन्काचं काम करणारी ग्रेटा ऑश्वित्झहून परतली आणि पुढे जेरुसलेमला स्थायिक झाली. युद्धानंतर तीसेक वर्षं या नाटकाची फारशी कुणी आठवण काढली नाही. सत्तरच्या दशकात योझा करास या चेक वंशाच्या अमेरिकी संगीतज्ञाने तेरेझिनच्या संगीताचा माग काढला आणि ‘ब्रुंडिबार’ अमेरिकेत उभा केला. मग शाळांनी ते उचललं, आणि त्यामागची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. नाटक पाऊण तासाच्या आत संपतं. गाणारे दहा असोत की पन्नास, कोरसमध्ये सगळ्यांना जागा मिळते, म्हणजे कुणाचे आईबाबा नाराज होत नाहीत. वाद्यवृंद छोटा. त्यात अमेरिकेतल्या राज्यांनी ज्यूंच्या संहाराचा हा इतिहास शाळेत सक्तीचा करायला सुरुवात केली होती. इलिनॉय १९९० मध्ये, न्यू जर्सी १९९४ मध्ये. संगीताच्या बाईंना आणि इतिहासाच्या सरांना एकाच दगडात दोन पक्षी मिळाले.

आणि वाचलेल्यांना बोलवायला निमित्त मिळालं. एला न्यूयॉर्कजवळच राहायच्या. त्या प्रयोगाला जायच्या, आपला जुना पिवळा तारा दाखवायच्या आणि शेवटच्या विजयगीताला मुलांबरोबर रंगमंचावर उभ्या राहायच्या. भाषणात जे सांगायला अर्धा तास लागतो, ते मेकअपच्या आरशासमोर दोन मिनिटांत पोचत असावं. पोरीच्या गालावर ताईंनी पेन्सिलने ओढलेल्या मिशा असतात, आणि शेजारी उभ्या आजींच्या मिशा पॉलिशच्या होत्या. मार्च २०१८ मध्ये एला गेल्या.

ब्रुंडिबारचं काम होन्झा ट्रायखलिंगर नावाच्या पिल्झेनच्या अनाथ मुलाने केलं होतं. खलनायक असून प्रेक्षकांचा सर्वांत लाडका. तोही ऑश्वित्झला गेला आणि परत आला नाही. त्यामुळे शाळेच्या विंगेत मांजराला भेटायला मांजर येत राहिलं, आनिन्काला भेटायला आनिन्का. खोटी मिशी चिकटवून कोपऱ्यात उभ्या असलेल्या ब्रुंडिबारला भेटायला मात्र कुणी येऊ शकलं नाही.